रांजणातली बुळबुळ आणि हाडातली सळई

चाकूरला आमच्या जुन्या घरात न्हाणीपाशी एक रांजण होता. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. म्हणून आलेलं पाणी भरून ठेवायचं आणि पुरवून वापरायचं. रांजण तळाला गेला की आत उतरून तो धुवायचं काम माझ्याकडं असे. कडेला हात लागला की बोट घसरायचं. पाणी स्वच्छ दिसायचं, मातीचा रंगही तसाच, पण हाताला बुळबुळ लागायची. मी दोन तांबे पाणी टाकून हिसळायचो आणि बाहेर यायला बघायचो. आई मागून म्हणायची, "नुसतं हिसळून जातंय का ते? काथ्या घे, राख घे अन् घास."

ती बुळबुळ म्हणजे जंतूंची वस्ती, हे पुढं सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना कळलं. आता मी कॉलेजात हाच विषय शिकवतो. बायोफिल्म, म्हणजे जैवपटल, हा धडा दरवर्षी घेतो आणि फळ्यावर त्याचं चित्र काढतो. तरीही त्याच आईच्या मांडीतल्या सळईवर ही बुळबुळ धरली, तेव्हा ती ओळखायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत काय करायला हवं होतं ते तुमच्यापर्यंत पोचावं, म्हणून हे लिहितो आहे.

आई ७१ वर्षांची होती. पहाटे अंगणात पाय घसरला आणि खुब्याखाली मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून सळई आणि स्क्रू बसवले. ऑपरेशन चांगलं झालं, बाराव्या दिवशी टाके निघाले आणि आम्ही तिला घरी आणलं. सोळाव्या दिवशी ती म्हणाली, "बाळा, परकराला काहीतरी लागलंय बघ." जखमेच्या खालच्या टोकाला रुपयाएवढा पिवळसर ओला डाग होता. ताप नव्हता, वास नव्हता, फारसं दुखतही नव्हतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडं जायचं म्हणजे गाडी करा, आईला उचला, दिवस घालवा. जवळच्याच एका ठिकाणी दाखवलं. पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या आणि डाग वाळला. आम्हाला हायसं वाटलं. पंधरा दिवसांनी तो परत आला, तेव्हा दुसऱ्या गोळ्या घेतल्या आणि तो परत वाळला. असं पाच वेळा झालं. चौथ्या महिन्यात ती पाय टेकवेना. एक्स-रेमध्ये स्क्रूभोवती काळी रेघ दिसली. हाड स्क्रूला सोडत चाललं होतं.

सळई काढावी लागली. डॉक्टरांनी मला बोलावून स्टीलच्या ट्रेमधला एक स्क्रू दाखवला. हातमोजा घालून मी त्याच्या आट्यांवरून बोट फिरवलं. बोट घसरलं. रांजणात घसरायचं तसंच.

पाच वेळा गोळ्या घेऊनही ते का जाईना, हे समजलं की पुढचा सगळा सल्ला आपोआप पटतो. म्हणून आधी त्याबद्दल थोडं सांगतो.

आपल्या मांसात, हाडात रक्त खेळतं. जंतू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गाठतात, आणि घेतलेलं औषधही रक्तातूनच तिथं पोचतं. स्टील, टायटॅनियम, प्लास्टिक, सिलिकॉन यांच्यात रक्त नाही. शरीरात बसवल्यावर काही वेळातच त्यांच्या पृष्ठभागावर रक्तातल्या प्रथिनांचा पातळ लेप चढतो आणि त्या लेपाला जंतू चिकटतो. आपल्या कातडीवर निरुपद्रवीपणे राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस यात तरबेज आहे. त्याचा भाऊबंद स्टॅफिलोकॉकस ऑरियस जास्त उपद्रवी. चिकटल्यावर तो एकाचे दोन, दोनाचे चार होतो आणि स्वतःभोवती शर्करा, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट गिलावा करतो. या गिलाव्याच्या आतले जंतू एकमेकांना रासायनिक निरोप देतात. तळाशी असलेले जंतू वाढ जवळजवळ थांबवून निपचित पडून राहतात. आपली बहुतेक प्रतिजैविकं वाढणाऱ्या जंतूवर घाव घालतात. जो वाढतच नाही, त्याचं ती फारसं काही बिघडवू शकत नाहीत. एरवी सहज मरणारा जंतू गिलाव्यात असला की त्याला मारायला शेकडो पट, कधी हजार पट औषध लागतं, आणि एवढं औषध माणसाला देता येत नाही.

म्हणजे गोळीनं काय होतं? गिलाव्यातून सुटून बाहेर आलेले जंतू मरतात. पाझर थांबतो आणि डाग वाळतो. वस्ती मात्र जागेवरच राहते. गोळी बंद झाली की तिथून नवे जंतू सुटतात आणि डाग पुन्हा येतो. आईच्या परकरावरचा डाग पाच वेळा वाळला आणि पाच वेळा आला तो यामुळेच. मी रांजण पाच वेळा नुसता हिसळला होता.

ही गोष्ट पहिल्यांदा दिसली ती साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या सुमाराला. हॉलंडमधला कापडाचा व्यापारी आंतोनी व्हॅन लेवेनहूक स्वतः भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा. १६८०च्या दशकात त्यानं आपल्या दातांवरची साय खरवडून तपासली. तिच्यात जिवंत जंतू वळवळत होते. त्याला असंही आढळलं, की व्हिनेगरनं तोंड धुतलं तरी दातांवरच्या थराच्या आतले जंतू जिवंतच राहतात, आणि तोच थर खरवडून व्हिनेगरमध्ये मिसळला की मरतात. सगळं मर्म त्या एका निरीक्षणात होतं. पुढं १९५७ साली इंग्लंडमध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या कातडीवर प्रयोग केला. नुसत्या कातडीत पू व्हायला लाखो जंतू टोचावे लागत होते. तिथं रेशमी टाका असला तर काही शेकडे जंतूही पुरेसे होत होते. परकी वस्तू आत आली की शरीराची बाजू किती लंगडी पडते, ते यातून कळलं. १९८२ साली कॅनडातल्या बिल कॉस्टर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या पेसमेकरची तार काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. औषधांचा भडिमार सोसूनही त्या तारेवर स्टॅफिलोकॉकसचा जाड थर बसलेला होता.

आपल्या राज्यातही यावर काम झालं आहे. पुणे विद्यापीठात बाळू चोपडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दवाखान्यांतल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टर या चिवट जंतूवर वर्षानुवर्षं काम केलं. डुक्करकंदासारख्या वनस्पतींच्या अर्कातून धातूंचे अतिसूक्ष्म कण तयार करून त्यांनी या जंतूचं जैवपटल रोखता येतं का ते पाहिलं. चोपडे पुढं छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचे कुलगुरूही होते. हे सगळं काम प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीतलं आहे, हे मुद्दाम सांगतो. आपल्या तालुक्यात वडवळ नागनाथचं वनौषधींचं बेट आहे. तिथल्या झाडपाल्यावर लोकांची श्रद्धा आहे आणि मला त्या बेटाचं प्रेम आहे. पण डुक्करकंद उगाळून जखमेवर लावा, असा या संशोधनाचा अर्थ कोणी काढू नये.

आता कामाचं.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर तुमच्या हातात सगळ्यात जास्त गोष्टी याच काळात असतात. हाड मोडल्यावर थांबायला वेळ मिळत नाही. पण गुडघ्याच्या वाट्या बदलायच्या असतील तर तारीख आपण ठरवतो. ती ठरवण्याआधी साखर आटोक्यात आणा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी करून घ्या. ती आठच्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर स्वतःच थांबायला सांगतील. त्यांच्यावर रागावू नका. तंबाखू आणि बिडी काही आठवडे आधीपासून बंद करा. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पडतं. दात किडलेला असेल, पायाला भेगा पडून पू असेल, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील, तर त्या आधी बऱ्या करून घ्या. आपल्याकडं शेतात काम करणाऱ्या बायकांच्या टाचा भेगाळलेल्या असतात आणि त्याकडं कोणी बघत नाही. ऑपरेशनच्या तयारीत त्या टाचाही धरा.

गुडघ्यात इंजेक्शन घेण्याची पद्धत आपल्या भागात फार आहे. बाजाराच्या दिवशी जायचं, इंजेक्शन घ्यायचं आणि महिनाभर चालायचं. स्टेरॉइडचं इंजेक्शन सांध्यात घेतल्यावर तीन महिन्यांच्या आत तो सांधा बदलला, तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं, ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना आपणहून सांगा. सांधा बदलल्यानंतर मात्र कोणीही कितीही खात्रीनं म्हणालं, तरी त्या गुडघ्यात सुई घालू देऊ नका. अपवाद फक्त तपासणीसाठी पाणी काढणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांचा.

आदल्या रात्री आणि सकाळी साबण लावून स्वच्छ आंघोळ करा. ऑपरेशनच्या जागेवरचे केस घरी ब्लेडनं काढू नका. ब्लेडनं कातडीवर बारीक ओरखडे पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक, आणि त्यांत जंतू धरतात. केस काढायचेच असतील तर दवाखान्यातले लोक मशिननं काढतील. चिरा घेण्याआधी तासाभरात एक प्रतिजैविक शिरेतून देतात. ते दिलं का, एवढं विचारायला हरकत नाही. बहुतेक ठरलेल्या ऑपरेशनांत ते चोवीस तासांपलीकडं द्यावं लागत नाही. "आमच्या पेशंटला जास्त दिवस अँटिबायोटिक द्या" असा आग्रह नातेवाईक धरतात, मीही धरला होता. त्यानं संरक्षण वाढत नाही, जंतू मात्र निर्ढावतात.

ऑपरेशन झालं आणि घरी आलात, की जखम कोरडी आणि झाकलेली ठेवायची. पट्टी सांगितल्या दिवशी बदलायची आणि त्याआधी हात साबणानं धुवायचे. एवढंच काम आहे, आणि नेमकं एवढंच करणं आपल्याला जमत नाही, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगतो. हळद लावा, तेल लावा, कडुनिंबाच्या पाण्यानं धुवा, बिब्बा घाला. बिब्ब्यानं कातडी भाजते आणि भाजलेल्या कातडीतून जंतूंना वाट मिळते. भेटायला येणाऱ्यांनी पलंगावर बसून पट्टीवरून हात फिरवणं हेही बंद करा. मायेनं करतात, पण बंद करा. चोळणाऱ्याला किंवा हाडवैद्याला सळई असलेला पाय चोळू देऊ नका.

आता पाझराकडं येतो. या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

जखमेतून पहिले दोन-चार दिवस थोडं रक्ताळ पाणी येऊ शकतं. आठवडा उलटूनही पट्टी ओली होत असेल, किंवा वाळलेली जखम पुन्हा ओली झाली असेल, तर त्याच दिवशी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. पट्टीचा आणि जखमेचा फोटो काढून पाठवा. ताप येईपर्यंत थांबू नका; एपिडर्मिडिससारखे जंतू महिनोन्‌महिने ताप न आणता बसून राहतात. दुखणं कमी कमी होत जायला हवं तेव्हा वाढत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, जखमेभोवती लाली आणि ऊब असेल, टाक्यांच्या जागी बारीक पुळी येऊन फुटत असेल, तर तीही तशीच खूण समजा. सळईवर किंवा सांध्यावर महिनाभरानं फुटलेली पुळी दिसते कातडीवर, पण तिचं मूळ कातडीत असेलच असं नाही. ते मूळ हाडापर्यंत गेलेलं असू शकतं.

घाई का, ते सांगतो. पहिल्या काही दिवसांत गिलावा पातळ असतो. सांधा बदललेला असेल आणि लक्षणं सुरू होऊन तीन आठवडे उलटले नसतील, किंवा ऑपरेशनला महिनाही झाला नसेल, तर डॉक्टर पुन्हा जखम उघडून सगळं खरवडून, भरपूर पाण्यानं धुऊन, सुटे होणारे भाग बदलून, मूळ सांधा तसाच ठेवून उपचार करू शकतात. बऱ्याच जणांचा सांधा त्यात वाचतो. ती वेळ गेली, गिलावा जाड झाला, की सांधा काढावा लागतो. मग औषध मिसळलेल्या हाडांच्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा तिथं ठेवतात, काही आठवडे शिरेतून आणि तोंडावाटे औषधं चालतात, आणि नंतर दुसऱ्यांदा नवा सांधा बसतो. दोन मोठी ऑपरेशनं होतात, अर्धं वर्ष जातं आणि खर्चाचा आकडा सांगायलाच नको. मोडलेल्या हाडाचा हिशेब थोडा वेगळा आहे. सळई घट्ट असेल तर हाड जुळेपर्यंत ती ठेवून, धुऊन आणि औषधांवर काळ काढतात आणि जुळल्यावर काढून टाकतात. सळई सैल झाली असेल तर हा रस्ता बंद होतो. आईचा तो बंद झाला होता.

लातूर चाकूरपासून पस्तीसेक किलोमीटर आहे. सोळाव्या दिवशी मी ते अंतर गाठलं असतं तर काय झालं असतं, हे मला कोणी खात्रीनं सांगू शकत नाही. पण संधी होती, ती मी घालवली. ही पहिली चूक.

दुसरी चूक गोळ्यांची. डॉक्टरांनी सळई काढताना हाडाजवळचे पाच तुकडे तपासायला पाठवले. पाचही ठिकाणी जंतू उगवला नाही. जंतू नव्हता म्हणून नव्हे. आदल्या दिवसापर्यंत आई गोळ्या घेत होती म्हणून. प्रयोगशाळेत मी स्वतः काम करतो. औषधानं अर्धमेला झालेला जंतू बशीत उगवत नाही, हे मी मुलांना शिकवतो. जंतू कोणता ते कळलं नाही की त्यावर नेमकं औषध ठरवता येत नाही, मग अंदाजानं जास्त तीव्र औषधं द्यावी लागतात आणि ती म्हातारीच्या मूत्रपिंडाला सोसत नाहीत. म्हणून पाझर सुरू झाल्यावर, नमुना घेतल्याशिवाय, कोणी दिलेली अँटिबायोटिकची पहिली गोळीसुद्धा घेऊ नका. रुग्ण तापानं फणफणला असेल, ग्लानीत असेल, तर मात्र थांबायचं नाही. तिथं जीव आधी. एरवी नमुना घेण्याआधी दोन आठवडे औषध बंद ठेवावं असं डॉक्टर सांगतात. पट्टीवरच्या पुवाचा कापूस फिरवून केलेली तपासणी फसवी असते, कारण त्यात कातडीवरचे जंतूच उगवतात. सांध्यातलं पाणी किंवा आतला तुकडा लागतो, आणि त्याची बशी दोन दिवसांत फेकून न देता दोन आठवडे ठेवावी लागते, कारण काही जंतू संथपणे वाढतात. प्रयोगशाळेला द्यायच्या कागदावर "इम्प्लांट आहे, चौदा दिवस ठेवा" असं लिहून घ्या. एवढं एक वाक्य फार कामाचं आहे.

औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय ही औषधं घेण्यात एक मोठा धोका आहे. २०१४पासून एच१ या यादीतली प्रतिजैविकं विकताना दुकानदारानं चिठ्ठी पाहणं आणि नोंद ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. क्षयावरचं रिफाम्पिसिन याच यादीत आहे. ते स्टॅफिलोकॉकसच्या जैवपटलात शिरून काम करू शकणाऱ्या मोजक्या औषधांतलं एक आहे, म्हणून हाडांचे डॉक्टर ते धुलाई झाल्यावर दुसऱ्या औषधाच्या जोडीनं देतात. एकटं घेतलं तर जंतू काही दिवसांतच त्याला दाद देईनासा होतो. मग जे एक हत्यार उपयोगी होतं तेही बोथट होतं. ओळखीच्या माणसाला याच औषधानं गुण आला, असं ऐकून कोणी ते सुरू करू नये.

रक्तातल्या तपासण्यांपैकी शरीरातल्या दाहाचं माप सांगणारा सीआरपी लक्षात ठेवा. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत तो चढतो आणि पुढच्या तीनेक आठवड्यांत उतरतो. उतरून पुन्हा चढला, तर कारण शोधायलाच हवं. एका आकड्यापेक्षा उतरणारी किंवा चढणारी रेघ जास्त सांगते, म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका.

घरात लघवीची नळी लावलेलं माणूस असेल, तर तुमच्यासाठी वेगळं सांगतो, कारण ही गोष्ट हाडाच्या सळईपेक्षा कितीतरी जास्त घरांत आहे. पक्षाघाताची, प्रोस्टेटची, अंथरुणाला खिळलेली माणसं आणि त्यांची सेवा करणाऱ्या सुना-लेकी. नळी आत गेली की दर दिवसाला शंभरातल्या तीन ते सात जणांच्या लघवीत जंतू येतात. महिनाभरात जवळजवळ सगळ्यांच्याच येतात. यात सेवा करणाऱ्या बाईचा काही दोष नाही. नळीच्या आतून बाहेरून जैवपटल धरतंच. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा, की नळी अजून लागतेच का? दर भेटीत विचारा. दवाखान्यात सोयीसाठी घातलेली नळी घरी महिनोन्‌महिने तशीच राहिलेली मी पाहिली आहे.

नळी लागतच असेल तर पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली ठेवायची, पण जमिनीवर टेकू द्यायची नाही. खाटेच्या माचव्याला हूक लावून टांगायची. माणसाला खाटेवरून खुर्चीत हलवताना पिशवी पोटावर ठेवायची सवय सगळ्यांना आहे, कारण ती हातात अडचण करते. त्या क्षणी पिशवीतली जुनी लघवी उलटी आत जाते. आधी पिशवी रिकामी करा, मग हलवा. नळी आणि पिशवीचा जोड विनाकारण उघडू नका. नळी मांडीला चिकटपट्टीनं बांधा, म्हणजे ओढली जाणार नाही. रोज साध्या साबणाच्या पाण्यानं तिथली जागा धुवा. डेटॉल, हळद, पावडर काही नको. नळी तुंबून पोट फुगलं, बाजूनं लघवी गळू लागली, तर ते प्रोटियस या जंतूचं काम असू शकतं. तो लघवीतल्या युरियाचं अमोनियात रूपांतर करतो आणि नळीत चुन्यासारखा खडा जमतो. अशी नळी बदलावीच लागते. घरी पाणी मारून मोकळी करत बसू नका. साध्या रबरी नळीची मुदत काही आठवड्यांची असते, सिलिकॉनची त्याहून जास्त. तुमच्या नळीची बदलायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही. नळी असलेल्या माणसाची लघवी गढूळ दिसली किंवा वास आला, एवढ्यावरून अँटिबायोटिक सुरू करायचं नसतं. ताप, थंडी वाजणं, कंबरेत दुखणं, अचानक बरळणं, यांपैकी काही असेल तरच. तेव्हा नमुना पिशवीतून घ्यायचा नाही. जुनी नळी काढून नवी घालायची आणि नव्या नळीतून आलेली लघवी तपासायला द्यायची. जुन्या नळीतला नमुना नळीवरच्या वस्तीचाच हिशेब सांगतो.

डायलिसिसच्या रुग्णांना एकच कळकळीची विनंती. मानेतली किंवा छातीतली नळी ही तात्पुरती सोय आहे. हातातली फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शिरेचा जोड, करून घ्यायला टाळाटाळ करू नका. नळी असताना डायलिसिस सुरू झाल्यावर थंडी वाजली तर तिथंच, त्याच क्षणी नर्सला सांगा. घरी जाऊन पांघरूण घेऊन झोपू नका.

मोतीबिंदूचं भिंग बसवल्यावर डोळा लाल होऊन दुखायला लागला आणि दिसणं कमी झालं, तर तासांचा प्रश्न असतो; सकाळची वाट बघायची नाही. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनच्या छिद्रांपाशी तीन-चार आठवड्यांनी गाठ येऊन पाझरत राहिली, आणि नेहमीच्या गोळ्यांनी जात नसली, तर पाण्यातून येणारे क्षयजंतूंचे चुलतभाऊ त्याला कारण असू शकतात. त्यांची तपासणी वेगळी आणि औषधंही वेगळी, म्हणून डॉक्टरांना तसं विचारा. पेसमेकरच्या जागेवरची कातडी पातळ, लाल, चकचकीत दिसू लागली, तर ती फाटण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांकडं जा. हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांनी दात काढण्याआधी दाताच्या डॉक्टरांना तसं सांगायलाच हवं, त्यांना आधी औषधाचा एक डोस लागतो. गुडघा किंवा खुबा बदललेल्यांना तो सहसा लागत नाही, तरी सांगून ठेवा.

हे सगळं वाचून कोणी घाबरून ऑपरेशन टाळू नये. पहिल्यांदा सांधा बदललेल्या शंभरांतल्या एका-दोघांनाच हा त्रास होतो. कातडी फाटून हाड बाहेर आलेल्या अपघातांत प्रमाण बरंच जास्त असतं. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. मूळ डॉक्टर गाठता येत नसतील, दूरच्या गावी असतील, तर यांपैकी जवळचं गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं दुसरं ऑपरेशन बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

निघताना सोबत काय घ्यायचं ते आधीच एका पिशवीत बांधून ठेवा. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, सगळे सीआरपीचे रिपोर्ट तारखेप्रमाणे, आतापर्यंत घेतलेल्या प्रत्येक गोळीचं रिकामं पाकीट. आणि इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर. त्यावर बनावट, माप आणि बॅच नंबर असतो. बहुतेक ठिकाणी ते केसपेपरला चिकटवतात. तुम्ही त्याची एक झेरॉक्स मागून घ्या. सळई किंवा सांधा काढायची वेळ आली, तर कोणती हत्यारं लागतील ते डॉक्टरांना त्यावरूनच कळतं. आईच्या वेळी ते आमच्याकडं नव्हतं. त्या स्क्रूच्या डोक्याला बसणारा स्क्रूड्रायव्हर शोधण्यात ऑपरेशन एक दिवस लांबलं आणि ती तो दिवस उपाशी राहिली.

आता ती काठी घेऊन चालते. नवीन सळई बसून दोन वर्षं झाली. दर आंघोळीनंतर ती स्वतःच परकर उलटा करून उजेडात धरून बघते, आणि मला हाक मारून सांगते, "कोरडाय."